आई हयात, तरी मूल अनाथ

प्रश्न : माझ्या आजीचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला मामाने वाढवलं. "आमच्या वेळी कुठले आले अनाथाश्रम?" असं ती म्हणायची. मग आपल्याकडे अनाथाश्रम नेमके कधी सुरू झाले आणि ते कोणी काढले? त्याआधी पोरक्या मुलांचं काय होत असे? आणि इतक्या चांगल्या हेतूने निघालेल्या या संस्था आता कमी करायला हव्यात असं जाणकार का म्हणतात?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : तुमच्या आजीच्या वेळी अनाथाश्रम होते, पण मोजके, शहरांत, तीर्थक्षेत्री आणि मिशनच्या आवारात. खेड्यातल्या पोरक्या मुलीला मामाचं घर हाच आधार. नोंदवही, देणगीदार, व्यवस्थापक आणि एका छपराखाली अनेक मुलं, अशा स्वरूपाचा अनाथाश्रम महाराष्ट्रात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गोव्यात त्याची चाहूल तीनशे वर्षं आधी लागली होती. या इतिहासात एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसते, ती आधीच सांगून टाकतो. या संस्थांत दाखल झालेल्या असंख्य मुलांची आई जिवंत होती. कधी बापही जिवंत होता. मरणाने मुलं आश्रमात आणली हे खरंच, पण दुष्काळाने, गरिबीने आणि लोकलज्जेने आणलेल्या मुलांची रांग त्याहून लांब होती.

आधी जुनी व्यवस्था पाहू. पोरक्या मुलाची पहिली जबाबदारी भाऊबंदांची. चुलता, मामा, आजोळ, नाहीतर थोरली विवाहित बहीण. मुलाच्या नावे जमीन किंवा वतन असेल तर सांभाळायला माणसं पुढे येत. मग ते मूल जाणतं झालं की त्याच जमिनीवरून तंटे उभे राहत. ज्याच्या मागे काहीच नाही त्याला कामाच्या बोलीवर भाकरी मिळे. गुरं राखायची, शेणघाण काढायची, दुसऱ्याचं पोर काखेला घेऊन हिंडायचं. ब्राह्मणाचा मुलगा असेल तर वार लावून जेवायचं, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नाहीतर माधुकरी मागायची आणि पाठशाळेत शिकायचं. दत्तकाची चाल होती, पण ती वंश चालावा, पिंडदान व्हावं यासाठी. तिला मुलगाच लागे, तोही शक्यतो भाऊबंदांतला. शिवाय मूल दत्तक द्यायचा अधिकार फक्त आईबापांना. म्हणजे आईबाप दोन्ही गेले की देणाराच उरत नसे, आणि रूढ शास्त्रार्थाप्रमाणे पोरकं मूल दत्तक जाऊच शकत नसे. ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठीच दत्तकाचं दार बंद होतं.

संत जनाबाईंचं चरित्र या नजरेने वाचून पाहा. परंपरा सांगते की त्या गंगाखेडच्या. आई गेल्यावर वडिलांनी त्यांना लहानपणीच पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आणून सोडलं. त्या घरात त्या वाढल्या, पण लेक म्हणून नव्हे, कामकरीण म्हणून. दळण, कांडण, झाडलोट, पाणी. स्वतःला नामदेवांची दासी म्हणवणारी ही बाई तिच्या अभंगांमुळे आपल्या घरोघरी पोचली. तिच्यासारख्या ज्या मुलींनी आयुष्यभर दुसऱ्याच्या घरचं जातं ओढलं त्यांची नावंही उरली नाहीत.

याहून वाईट वाटाही होत्या. मुलगी खंडोबाला सोडून मुरळी करायची किंवा यल्लम्माला वाहायची. मुलगा गोसाव्या-बैराग्यांच्या हाती चेला म्हणून द्यायचा. आणि दुष्काळ पडला की सरळ विकायचा. पेशवाईच्या कागदपत्रांत ज्या कुणबिणी, म्हणजे दासी, भेटतात, त्यांतल्या कितीतरी दुष्काळात पोटासाठी विकलेल्या मुली होत्या. गुलामीला कायद्याने मिळणारा आधार हिंदुस्थानात गेला तो १८४३ साली. मुसलमान समाजात यतीम, म्हणजे पोरक्या, मुलाची मालमत्ता सांभाळणं आणि त्याला पोसणं हे धर्मकर्तव्य. पैगंबर स्वतः पोरके वाढले होते. तिथे मूल घरात वाढवायचं, पण त्याचं मूळ कूळ पुसायचं नाही, हा दंडक.

आता गोवा. पोर्तुगीज आले तशी त्यांची मिझरिकॉर्डिया ही धर्मादाय संस्था आली. लिस्बनमधल्या पोरक्या पोर्तुगीज मुली राजाच्या खर्चाने जहाजातून गोव्याला पाठवत आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंड्यादाखल सरकारी हुद्दा देत. मुली काय किंवा हुद्दे काय, वसाहत भरण्याचीच ती सोय होती. स्थानिक हिंदू मुलांसाठी १५५९ साली फर्मान निघालं : ज्यांचे आईबाप आणि आजीआजोबा कोणीच नाहीत, अशी मुलं सेंट पॉल कॉलेजात आणून ख्रिस्ती म्हणून वाढवावीत. पुढे अर्थ ताणला गेला. बाप वारला की मूल अनाथ, मग आई हयात का असेना. नवरा गेल्याच्या दुःखात असलेल्या बाईला आपलं मूल लपवावं लागलं, नातलगांनी अशी मुलं सीमेपार पाठवली. मूल अनाथ आहे की नाही हे ठरवायचा अधिकार सत्तेच्या हाती गेला की काय होतं, याचं इतकं उघड उदाहरण दुसरं मिळणार नाही.

युरोपात तोवर या संस्था जुन्या झाल्या होत्या. फ्लॉरेन्समधलं निष्पाप बालकांचं रुग्णालय १४४५ साली उघडलं. इटलीत अशा कित्येक ठिकाणी भिंतीत फिरतं लाकडी कपाट असे. बाहेरून मूल ठेवायचं, कपाट फिरवायचं, आत दायी ते उचलून घेई, ठेवणारीचं तोंड कोणी पाहत नसे. लंडनमध्ये थॉमस कोरम या निवृत्त दर्यावर्द्याने रस्त्याकडेला टाकलेली तान्ही मुलं पाहून वर्षानुवर्षं खेटे घातले आणि १७३९ साली राजाची सनद मिळवली. त्या संस्थेच्या नोंदवह्या आजही आहेत. मूल घेताना आईच्या किंवा बाळाच्या कपड्याचा तुकडा कापून नोंदीच्या कागदाला टाचणीने लावत. कुणी अर्धं तुटलेलं नाणं, कुणी फितीचा तुकडा खूण म्हणून ठेवी, म्हणजे दिवस पालटले तर आई उरलेला अर्धा भाग दाखवून आपलं मूल ओळखू शकेल. १७४१ ते १७६० या काळात १६,००० हून अधिक मुलं आली. आईकडे परत गेली ती सुमारे १५०. त्यांतल्या १७५६ नंतरच्या चार वर्षांत, सरकारी पैशामुळे येईल ते मूल घ्यायचं ठरलं, तेव्हा सुमारे १५,००० मुलं आली आणि त्यांतली दोनतृतीयांशाहून जास्त दगावली. या दोन आकड्यांत अनाथाश्रमाचा सारा पेच आहे. आईला मूल परत हवं होतं, म्हणून तर तिने फीत कापून ठेवली. आणि जिवापाड मेहनत घेऊनही संस्थेला बहुतेक बाळं जगवता आली नाहीत.

हिंदुस्थानात इंग्रजांनी काढलेले पहिले अनाथाश्रम हिंदी मुलांसाठी नव्हतेच. ते होते गोऱ्या शिपायांच्या आणि अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी. कलकत्त्यात १७८३ साली लष्करी अनाथ सोसायटी निघाली. मद्रासमध्ये १७८९ साली मुलांच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवायची रीत बसवली आणि ती पुढे इंग्लंडभर गेली. मुंबईत १८१५ सालची बॉम्बे एज्युकेशन सोसायटी याच गरजेतून उभी राहिली. या संस्थांतली पुष्कळ मुलं बाप गोरा आणि आई हिंदी अशी होती. बाप लढाईत किंवा पटकीने मेला की मूल संस्थेत जाई. आई इथेच असे, पण तिचा हक्क कुणी विचारात घेत नसे.

आता पुण्याला येऊ. इथे मी थोडा थांबणार आहे.

जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले. गर्भ पाडायचे उपाय फसले, मूल जन्मलं आणि लोकलज्जेने तिने त्याचा जीव घेतला. खटला होऊन तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्याने तिला फसवलं तो मोकळा राहिला. या घटनेने हललेल्या जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण वस्तीतल्या भिंतींवर छापील पत्रकं लावली : गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचं की इथे ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर. एका शूद्र जोडप्याच्या घरी ब्राह्मण विधवेने बाळंतपणाला यावं, ही त्या काळच्या पुण्यात केवढी गोष्ट होती याची कल्पना करा. सावित्रीबाई त्यांची बाळंतपणं करत, बाळंतिणींची काळजी घेत.

पुढे १८८४ साली समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या बालविवाह आणि वैधव्यावरील टिपणांवर मत देताना जोतीरावांनी या गृहाचा हिशेब मांडला. तोवर ३५ गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी जगली ५. बाकीची ३० गेली, कारण दिवस गेल्याचं लपवण्यासाठी आयांनी पोटात घेतलेल्या विषारी औषधांनी ती गर्भातच पोळली होती, असं ते सांगतात. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. आपण केलेल्या कामाचा अहवाल देताना ३० मृत्यू लपवायचा मोह कुणालाही झाला असता. जोतीरावांनी तो आकडा सरकारपुढे ठेवला आणि कारणाकडे बोट दाखवलं. समाज बाईला जिथवर नेतो, तिथून मुलाला वाचवायला आश्रम उशिरा पोचतो, असा त्याचा अर्थ. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर त्याने उघडलेल्या दवाखान्यात रुग्ण आणता आणता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

पंढरपूरची गोष्ट याच धाग्यातली. आषाढी-कार्तिकीला लाखोंची गर्दी, अनोळखी माणसांचा समुद्र, आणि चंद्रभागेचं वाळवंट. घरातल्या विधवा सुनेला किंवा लेकीला दिवस गेले की तिला 'वारीला' म्हणून पंढरपुरात आणायचं, तिथे मोकळी करायची आणि मूल वाळवंटात किंवा घाटावर टाकून परत जायचं, असे प्रकार घडत. लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ तेव्हा पंढरपुरात न्यायाधीश होते आणि प्रार्थना समाजाच्या विचारांचे होते. अशी बेवारस मुलं आणि बालहत्येचे खटले त्यांच्या डोळ्यांपुढून जात होते. १८७५ साली त्यांच्या पुढाकाराने पंढरपुरात बालकाश्रम निघाला. पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालवला. वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून तो आजही ओळखला जातो. लालशंकरांनी नंतर अहमदाबादेतही महिपतराम रूपराम यांच्या नावाने अनाथाश्रम उभा केला. म्हणजे न्यायाधीशाने शिक्षा देऊन न थांबता गुन्ह्याच्या मुळाशी पाळणा बांधला.

या आश्रमाला जेमतेम वर्ष होतं तोच १८७६-७८ चा दुष्काळ आला. दख्खनची गावंच्या गावं उठली. आता लज्जेपायी टाकलेल्या मुलांसोबत भुकेपायी सोडलेली मुलं येऊ लागली. कुणाचे आईबाप खडी फोडायच्या कामावर मेले, कुणाचे कामाच्या शोधात गेले आणि पोर मागे राहिलं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी तर अनाथाश्रमांचं रूपच बदललं. अहमदनगर, सोलापूर या भागांत अमेरिकन मराठी मिशनने शेकडो दुष्काळी मुलं गोळा केली, त्यांना सुतारकाम, विणकाम, छपाई शिकवली.

पंडिता रमाबाईंचं काम याच काळातलं. ते समजून घ्यायचं तर मागे जावं लागतं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडत. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाने आधी त्यांना आणि मग आई लक्ष्मीबाईंना नेलं. पाठोपाठ बहीणही गेली. रमा आणि तिचा भाऊ उरले. अन्नावाचून दिवसेंदिवस चालणं काय असतं, हे या विदुषीला पोथीतून कळलेलं नव्हतं. म्हणून १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या आल्या, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली आणि विधवा घेऊन आल्या. दलाल अशा मुलींवर टपून असत, हे त्यांना ठाऊक होतं. पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर मुक्तिसदन उभं राहिलं. तंबू, झावळ्यांच्या झोपड्या, मग पक्क्या इमारती. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या सुमारे १९०० वर गेली. शेती, तेलघाणी, हातमाग, दूधदुभतं आणि छापखाना, सगळं मुली-बायका चालवत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच मुलींनी खिळे जुळवून छापलं. दोन वर्षांपूर्वी रिलीफच्या छावणीत हाडांचा सापळा होऊन पडलेली मुलगी छापखान्यात खिळे जुळवते, ही गोष्ट कोणत्याही वादापेक्षा मोठी आहे असं मी मानतो.

वाद मात्र झाला आणि तोही खराच होता. मुली ख्रिस्ती झाल्या. रमाबाईंवर टिळकांच्या 'केसरी'ने त्याआधी, त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाच्या वेळीच टीकेची झोड उठवली होती. दुष्काळी मुलं मिशनच्या ताब्यात जातात आणि आपल्या धर्मातून जातात, या भीतीने हिंदू समाज हलला. लाला लजपतराय यांनी १८९७ पासून मध्य प्रांतातली मुलं पंजाबातल्या आर्य समाजाच्या अनाथालयांत नेण्याची चळवळ उभारली. महाराष्ट्रातही संस्था निघू लागल्या. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं. आजचं पुणे विद्यार्थी गृह ते हेच. मुंबईत माटुंग्याचा श्रद्धानंद महिलाश्रम १९२७ चा. स्पर्धेतून का होईना, पुष्कळ मुलांच्या डोक्यावर छप्पर आलं. पण त्या सगळ्या खेचाखेचीत मुलाचा चुलता, आत्या, गाव शोधून काढणं मागे पडलं, ही खंतही नोंदवली पाहिजे.

आता तुमच्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगतो, कारण ती या इतिहासात सहसा कोणी घेत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह सुरू केलं. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याचं नामकरण शाहू बोर्डिंग असं झालं. सर्व जातींची मुलं एकत्र राहत, आपला स्वयंपाक आपण करत, शेतात राबत. त्यांत बाप नसलेली, आई मोलमजुरी करणारी कितीतरी मुलं होती. एकदा कोठीत दाणा नव्हता तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. तिथल्या मुलाला कुणी अनाथ म्हटलं नाही. तो 'बोर्डिंगातला विद्यार्थी' होता आणि सुट्टीत तो आईकडे घरी जात होता. मुलाची भूक आणि शाळा संस्थेने सांभाळली, पण त्याचं घर तोडलं नाही. माझ्या मते महाराष्ट्राने निराधार मुलांसाठी काढलेला हा सगळ्यात शहाणा मार्ग होता.

शहरांत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीने १८५७ मध्ये सुधारगृह झालं, ते रस्त्यावरच्या आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांसाठी. मुंबई इलाख्याचा बाल अधिनियम १९२४ चा. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी आली आणि डोंगरीच्या जुन्या उमरखाडी तुरुंगाच्या जागेत मुलांचं रिमांड होम झालं. चोरी केलेला पोरगा आणि चुकलेला पोरगा, दोघंही पोलिसांच्या हातून एकाच दारात येऊ लागले. 'रिमांड होम' म्हटलं की आजही घरोघरी मुलांना धाक घालतात, तो त्या तुरुंगाच्या भिंतींचा वारसा आहे. काळजी हवी असलेली मुलं आणि कायद्याशी संघर्ष झालेली मुलं वेगळी ठेवायला हवीत, हे कायद्यात नीट उतरायला २००० साल उजाडलं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, संस्था कमी का करायच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोवैज्ञानिकाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. तो १९५१ साली आला. लहान मुलाला अन्न, वस्त्र आणि स्वच्छ खाट मिळाली, पण एका माणसाशी जिव्हाळ्याचं नातं मिळालं नाही, तर त्याची वाढ खुंटते, असं त्याने मांडलं. संस्थेत दायी पाळ्यांनी बदलतात. रडलेल्या बाळाला दर वेळी वेगळे हात उचलतात, कधी कुणीच उचलत नाही, आणि काही दिवसांनी ते बाळ रडायचं थांबतं. रुमेनियात १९८९ ला हुकूमशाही कोसळली तेव्हा सरकारी बालगृहांत एक लाखाहून जास्त मुलं निघाली. पुढे तिथे झालेल्या अभ्यासात, लहान वयातच कुटुंबात सांभाळायला दिलेली मुलं संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा बुद्धीने आणि मनाने चांगली सावरली. त्या मुलांतही बहुतेकांचे आईबाप जिवंत होते.

अमेरिकेने हा धडा बराच आधी घेतला होता. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी बोलावलेल्या परिषदेत ठरलं की केवळ गरिबीपायी मूल आईपासून तोडू नये. दोनच वर्षांत इलिनॉय राज्याने गरीब आयांना घरीच पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याकडच्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, असं तत्त्व लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे : आई किंवा बाप गेला, दुर्धर आजारी किंवा तुरुंगात आहे, अशा मुलाला घरीच किंवा नातलगाकडे ठेवून दरमहा अनुदान द्यायचं. ते अनुदान वाढून आता २२५० रुपये झालं आहे आणि योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं आहे. ही रक्कम शहरात काहीच नाही हे मला ठाऊक आहे. पण तिच्यावर ज्या आईच्या मुलाची शाळेची फी भागते, तिला मूल आश्रमात सोडावं लागत नाही.

म्हणून आश्रम उद्याच बंद करा, असं मी म्हणणार नाही. ज्यांचं खरोखर कुणी नाही, ज्यांचं घरच धोक्याचं आहे, त्यांना आजही चांगली संस्था लागते. आणि अठरा पूर्ण होताच दाराबाहेर पडणाऱ्या तरुणांकडे तर आपण फार उशिरा पाहिलं. महाराष्ट्राने अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण दिलं ते २०१८ मध्ये. त्याआधी बालगृहात वाढलेल्या मुलीला अर्जातल्या जातीच्या रकान्यात काय लिहावं, हाच प्रश्न पडत असे आणि गुण असूनही ती मागे राहत असे.

प्रश्न : आमच्या ओळखीच्या एका जोडप्याला बसस्थानकाजवळ तान्ही मुलगी सापडली. त्यांना मूल नाही. ते तिला घरीच ठेवू पाहतात. ते योग्य आहे का?
(एक वाचक)

उत्तर : नाही. त्यांचं मन मला समजतं, पण त्यांना आजच समजावा. सापडलेलं मूल २४ तासांच्या आत पोलीस, बालकल्याण समिती, चाइल्डलाइन किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्या मुलीची आई कदाचित तिला शोधत असेल. शोध पूर्ण झाला आणि कुणी आलं नाही, तर मुलगी दत्तकासाठी मोकळी होते आणि मग कायदेशीर मार्गाने, वारसा हक्कासह, तिला घर मिळतं. त्या जोडप्याने केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी. वाट पाहावी लागते, पण त्या घरातून मुलीला पुढे कुणी काढू शकत नाही.

आणि मूल सांभाळणं अशक्य झालेली एखादी आई तुमच्या माहितीत असेल, तर तिला एवढं सांगा : मूल टाकायची गरज नाही. बालकल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवता येतं, त्यासाठी तिच्यावर गुन्हा नोंदला जात नाही, आणि मन बदललं तर दोन महिन्यांच्या आत मूल परत घेता येतं. पण त्याच्याही आधी तिला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात घेऊन जा आणि बालसंगोपनाचा अर्ज भरायला मदत करा. चाइल्डलाइनचा नंबर १०९८, चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.